गोरेगाव परिसरातील गवताच्या जाती, गाईंची चराई व दुग्धोत्पादन : एक विवेचन

सारांश

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव तालुका हा धानाचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. येथील दुग्धव्यवसाय धानशेतीला पूरक असून तो मुख्यतः चराई आणि धानाच्या तणसावर अवलंबून आहे. गाईच्या दुधावर गवताच्या जातीचा, त्याच्या वयाचा आणि चराईच्या पद्धतीचा कसा परिणाम होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. अधिक उत्पादन देणारी जात हीच उत्तम जात, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु गवत कोणत्या जमिनीत टिकते, गाईच्या तोंडात एका घासाला किती येते आणि टंचाईच्या महिन्यांत ते किती उपयोगी पडते, या तीन कसोट्या गोरेगावसारख्या परिसरात अधिक महत्त्वाच्या ठरतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : चराई, मारवेल, संकरित नेपियर, पॅरा गवत, तणस, कठाणी गोवंश, दुग्धोत्पादन

प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. गोरेगाव हा या जिल्ह्यातील आठ तालुक्यांपैकी एक होय. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा भाग झाडीपट्टी या नावाने परिचित आहे. वार्षिक पाऊस सरासरी १२०० मिलिमीटरांहून अधिक, बांध्यांमध्ये साचलेले पाणी, माजी मालगुजारी तलाव व बोड्या आणि जवळच नागझिऱ्याचे जंगल, असे या परिसराचे स्वरूप आहे. एवढा पाऊस पडणाऱ्या प्रदेशात चाऱ्याची उणीव भासू नये, असे बाहेरच्या व्यक्तीस सहज वाटेल. प्रत्यक्षात फेब्रुवारीपासून जूनपर्यंत येथील गाई अर्धपोटी असतात आणि बहुतेक घरचे दूध याच काळात आटते.

पाऊस भरपूर असूनही चारा का पुरत नाही, या प्रश्नाचे उत्तर गवताच्या स्वभावात आहे. पावसाळ्यात गवत वेगाने वाढते, तितक्याच वेगाने जून होते आणि वाळल्यावर त्यातील पोषणमूल्य फार थोडे उरते. चाऱ्याचा प्रश्न केवळ किती टन चारा झाला एवढ्यापुरता मर्यादित नाही. तो कोणत्या महिन्यात आणि कोणत्या गुणवत्तेचा मिळाला, हे पाहणे तितकेच आवश्यक आहे.

उद्दिष्टे

१. गवताची रचना व गाईची चरण्याची क्रिया यांतील संबंध स्पष्ट करणे.
२. गवताचे वय व दूध यांचा हिशोब सोप्या उदाहरणाने मांडणे.
३. गोरेगाव परिसरातील नैसर्गिक व लागवडीच्या गवतांचा जमिनीनुसार विचार करणे.
४. गवताची जात निवडण्यासाठी स्थानिक परिस्थितीस अनुरूप निकष सुचविणे.

१. परिसर, जमीन आणि गुरे

येथील शेतकरी जमिनीचे वर्गीकरण सिहार, मोरंड, कन्हार, बरड अशा नावांनी करतात. सिहार व मोरंड या जमिनींत धानाच्या बांध्या असतात. बरड जमीन उंचावरची, उथळ व मुरमाड असल्याने ती बहुधा पडीक राहते आणि तेथेच गुरे चरतात. त्याखेरीज बांधांचे धुरे, तलावाचे पोट, रस्त्याच्या कडा आणि जंगल ही चराईची ठिकाणे होत. एकाच गावात पाणथळ, ओलसर आणि कोरडी अशा तिन्ही प्रकारची जमीन हाकेच्या अंतरावर असते, हे येथील वैशिष्ट्य ध्यानात घेणे आवश्यक आहे.

गुरांचा विचार करता येथील गावठी गाय लहान बांध्याची, चपळ आणि चिखलात काम करण्यास सरावलेली आहे. गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर भागातील कठाणी गोवंशाला राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली असून जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या दहा नव्या नोंदणीकृत पशुजातींमध्ये तिचा समावेश होता. या गाईचे दूध थोडे असते, पण तिची गरजही थोडी असते. दुसऱ्या बाजूस जर्सी व होल्स्टीन रक्ताच्या संकरित गाई गावोगावी आल्या आहेत. त्यांची दूध देण्याची क्षमता मोठी आहे, परंतु ती क्षमता प्रत्यक्षात उतरण्यासाठी लागणारा चारा चराईतून मिळतो काय, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

२. चरण्याची क्रिया : घास, वेळ आणि गवताची रचना

गाय दिवसभरात किती गवत खाते हे तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते. एका घासात येणारे गवत, मिनिटाला घेतलेले घास आणि प्रत्यक्ष खाण्याचा वेळ, या त्या तीन गोष्टी होत. गाय जिभेने गवताचा झुबका कवेत घेते व खालच्या दातांवर दाबून तोडते. तिला वरचे पुढचे दात नसतात. जमिनीला चिकटलेले अगदी आखूड गवत शेळी-मेंढी खाऊ शकते, तेच गाईला नीट खाता येत नाही.

उदाहरणादाखल एक हिशोब पाहू. गाय मिनिटाला ४० घास घेते आणि एका घासात ०.४ ग्रॅम शुष्क पदार्थ येतो असे धरले, तर मिनिटाला १६ ग्रॅम शुष्क पदार्थ पोटात जातो. गावचा कळप सकाळी निघून सायंकाळी परततो. चालणे, पाणी पिणे आणि सावलीत रवंथ करणे वजा जाता प्रत्यक्ष चरण्यास सहा तास मिळाले, तर दिवसाचे ५.८ किलो होतात. सुमारे २५० किलो वजनाच्या गावठी गाईस हे जवळजवळ पुरेसे आहे. ४०० किलो वजनाच्या दुभत्या संकरित गाईस मात्र रोज सुमारे १२ किलो शुष्क पदार्थ लागतो. याचा अर्थ तिची अर्धी भूक चराईत भागतच नाही. उरलेला अर्धा भाग गोठ्यात द्यावा लागेल, अन्यथा तिचे दूध गावठी गाईच्या पातळीवर येईल आणि शरीर खंगेल ते वेगळे.

या हिशोबात गवताच्या जातीचे महत्त्व घासाच्या आकारातून येते. दाट, पानेदार आणि वीतभर उंचीच्या गवतात घास मोठा येतो. विरळ, काडीदार किंवा फार आखूड गवतात घास लहान होतो. घास लहान झाला म्हणजे गाय घासांची संख्या व चरण्याचा वेळ वाढवून तूट भरून काढू पाहते. परंतु यासही मर्यादा आहे, कारण तिला रवंथ करण्यासाठीही कित्येक तास हवे असतात. त्यात गाय स्वभावतः पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास सर्वाधिक चरते. आपल्याकडे नेमक्या याच वेळी ती दावणीला असते आणि उन्हाळ्यात भर दुपारी तिला माळावर ठेवले जाते. उन्हाच्या दिवसांत कळप पहाटे लवकर सोडून दुपारी गोठ्यात आणणे हा बिनखर्ची उपाय आहे.

गवतातील पाण्याचाही येथे विचार करावा लागतो. आषाढातील कोवळ्या गवतात शंभर किलोमागे शुष्क पदार्थ १५ ते २० किलोच असतो. पोट भरल्यासारखे दिसते, शेण पातळ होते, पण पोषण तेवढ्या प्रमाणात मिळत नाही. त्यामुळे या दिवसांत चरावयास सोडण्यापूर्वी थोडे तणस किंवा वाळलेले गवत खाऊ घालणे हितावह असते.

३. गवताचे वय आणि दुधाचा हिशोब

गाय गवत स्वतः पचवीत नाही. तिच्या कोटीपोटातील सूक्ष्मजीव तंतू फोडतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर गाय जगते. या सूक्ष्मजीवांना वाढीसाठी नत्र लागते. चाऱ्यातील प्रथिनांचे प्रमाण शुष्क पदार्थाच्या सुमारे ७ टक्क्यांखाली गेले की त्यांची वाढ मंदावते, तंतू पोटात अधिक काळ पडून राहतात आणि पोट रिकामे होत नसल्याने गाय खाणेच कमी करते. म्हणजे जून गवताचे नुकसान दुहेरी आहे. त्यात पोषण कमी असते आणि ते खाल्लेही कमी जाते.

हाच मुद्दा आकड्यांत मांडता येतो. २५० किलो वजनाच्या गाईस केवळ शरीर राखण्यासाठी रोज सुमारे २ किलो एकूण पचनीय पोषकद्रव्ये लागतात. त्यावर ४ टक्के स्निग्धांशाच्या प्रत्येक किलो दुधासाठी सुमारे ०.३२ किलो लागतात. भाद्रपदात फुलोऱ्यापूर्वीचे चांगले गवत तिने ६ किलो शुष्क पदार्थाच्या रूपात खाल्ले आणि त्यात ५५ टक्के पचनीय पोषकद्रव्ये असली, तर तिला ३.३ किलो मिळतात. शरीरासाठी २ किलो व चालण्यासाठी ०.३ किलो वजा केल्यास १ किलो उरते. त्यातून सुमारे ३ किलो दूध निघू शकते. गावठी गाईची क्षमता बहुधा यापेक्षा अधिक नसते.

आता माघ-फाल्गुनातील स्थिती पाहू. वाळलेले, बी झडलेले गवत ती ४.५ किलोपेक्षा अधिक खात नाही. त्यात ४२ टक्के पचनीय पोषकद्रव्ये धरल्यास तिला १.९ किलोच मिळतात. शरीराची २ किलोची गरजही यातून भागत नाही आणि चारा शोधण्यासाठी चालणे तर वाढलेले असते. दुधास काहीच उरत नाही. गाय स्वतःच्या अंगावरील मांस झिजवून काही दिवस दूध देते आणि नंतर आटते. अशी गाय वेळेवर माजावर येत नाही, परिणामी दोन वेतांतील अंतर वाढते. उन्हाळ्यातील उपासमारीची किंमत शेतकरी पुढील वर्षीही मोजत असतो.

हे आकडे ठोकताळ्याचे आहेत. गाईचे वजन, वेताची अवस्था व गवत यांनुसार ते बदलतील, पण त्यांची दिशा बदलणार नाही. गावठी गाईच्या बाबतीत पावसाळ्यातील गवत आणखी वाढविल्याने दूध फारसे वाढत नाही. तेच गवत उन्हाळ्यापर्यंत गुणवत्तेसह पोहोचविल्यास मात्र दुधाचे दिवस वाढतात.

दुधाच्या प्रतीचाही संबंध गवताशी आहे. दुधातील स्निग्धांश मुख्यतः तंतूंच्या पचनातून तयार होणाऱ्या ॲसिटिक आम्लापासून बनतो. पावसाळ्याच्या आरंभी कोवळ्या गवतात तंतू कमी असल्याने दूध वाढते, पण फॅट उतरते. संकलन केंद्रावर दर फॅट व एसएनएफ पाहून ठरत असल्याने वाढलेल्या दुधाचा लाभ काही अंशी तेथेच कमी होतो. कोवळ्या गवताबरोबर तणसाची जोड दिल्यास हा तोटा टाळता येतो.

४. परिसरातील नैसर्गिक गवते

भारतातील गवताळ आच्छादनाचे जे पाच प्रमुख प्रकार दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये वर्णिले, त्यांपैकी सेहिमा-डायकँथियम हा प्रकार दख्खनच्या पठारासह मध्य भारतात पसरलेला आहे. सेहिमा वर्गातील पवना व शेडा आणि डायकँथियम वर्गातील मारवेल ही या प्रकारातील उत्तम चाऱ्याची गवते होत. मुरमाड बरडावर सेहिमा तर ओलसर, भारी जमिनीत मारवेल आढळते. दोन्ही बहुवर्षायू असून गुरे ती आवडीने खातात.

परंतु आवडीने खाल्ले जाणे हेच या गवतांच्या ऱ्हासाचे कारणही ठरते. सतत चराई झाली की गुरे प्रथम चांगले गवत निवडून खातात, त्यास बी धरण्याची संधी मिळत नाही आणि त्याची जागा कुसळी गवत घेते. कुसळी गवत चराई आणि वणवा दोन्ही सोसते. कोवळेपणी ते गुरे खातात. मात्र पावसाळ्याच्या अखेरीस त्यास टोकदार कुसळे येतात. ती गुरांच्या तोंडात व कातडीत रुतून जखमा करतात, त्यामुळे पुढे गुरे ते टाळतात. चराईचा दाब आणखी वाढल्यास तेही विरळ होऊन निकस एकवर्षायू गवते आणि गुरे ज्यास तोंड लावीत नाहीत असा तरोटा व गाजर गवत उरते. म्हणूनच एखाद्या माळावर कोणते गवत आहे यावरून त्या माळाच्या चराईचा इतिहास वाचता येतो.

मोहफुले व तेंदूपानांच्या हंगामाच्या आसपास लागणारे वणवे या प्रक्रियेत भर घालतात. वणव्यानंतर हिरवे कोंब फुटतात हे खरे, पण त्यासाठी उभा वाळलेला चारा नेमक्या टंचाईच्या महिन्यांत जळून जातो आणि कुसळी गवतास अधिक वाव मिळतो.

बांधांच्या धुऱ्यांवरील हरळी हे दुर्लक्षित पण गुणी गवत आहे. शेतकऱ्यास ते तण वाटते, गाईस मात्र ते रुचकर आहे. आडवे पसरत असल्यामुळे त्याचे वाढीचे डोळे जमिनीलगत सुरक्षित राहतात व वारंवार चरूनही ते टिकते. तलावाच्या पोटात पाणी ओसरेल तसतशी हिवाळ्यात व उन्हाळ्यात ताजी वनस्पती उगवते. ही टंचाईच्या काळातील मोलाची चराई होय. परंतु अनेक तलावांच्या काठी बेशरमाची झुडपे माजली असून ती गुरांना विषारी आहेत. त्यांनी व्यापलेली जागा ही चराईतून वजा झालेली जागा समजावी लागेल.

५. लागवडीच्या जाती : कोणती जात कोठे

चाऱ्याचा विषय निघाला की आज प्रथम नाव येते ते संकरित नेपियरचे. बाजरी व हत्ती गवत यांच्या संकरातून ते निर्माण झाले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या यशवंत, जयवंत व गुणवंत, तमिळनाडूच्या सीओ-४ व सीओ-५, बायफच्या बीएनएच-१० अशा त्याच्या अनेक जाती प्रचलित आहेत. ओलिताखाली वर्षातून सहा ते आठ कापण्या मिळतात आणि हिरव्या चाऱ्याचे उत्पादन हेक्टरी शंभर टनांच्या पुढे जाते. पहिली कापणी लागवडीनंतर ९ ते १० आठवड्यांनी व पुढील कापण्या ६ ते ८ आठवड्यांनी केल्यास प्रथिने ८ ते १० टक्के राहतात. उशीर झाल्यास खोड जाड होते आणि गाय पाने खाऊन खोड टाकते.

गोरेगावच्या संदर्भात नेपियरच्या तीन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, ते चराईचे गवत नव्हे. त्याचे वाढीचे शेंडे लवकर उंच जातात, गुरे सोडल्यास थोंब तुडवले जातात आणि काही महिन्यांत ते विरळ होते. ते कापून गोठ्यातच द्यावयाचे असते. दुसरी, त्यास साचलेले पाणी चालत नाही. धानाच्या बांधीत ते सडते. विहिरीजवळील उंच जागा, रुंद धुरा किंवा घरच्या सांडपाण्यावरील परसबाग ही त्याची योग्य ठिकाणे होत. तिसरी, त्यात ऑक्झलेट असते, जे चाऱ्यातील कॅल्शियम बांधून ठेवते. धानाच्या तणसातही ऑक्झलेट असते. त्यामुळे तणस व नेपियर एवढ्यावरच दुभती गाय ठेवल्यास कॅल्शियमची उणीव भासू शकते. द्विदल चारा व खनिज मिश्रण यांची जोड अशा वेळी अनिवार्य ठरते.

पाणथळ जागेसाठी पॅरा गवत अधिक योग्य आहे. ते आडवे पसरते, कांडीकांडीला मुळे धरते आणि काही काळ पाण्याखाली राहिले तरी टिकते. तलावाखालच्या पाझरत्या जागेत, जेथे धानही नीट येत नाही, तेथे ते हिवाळ्यानंतरही हिरवे राहते. मात्र हेच गवत कालव्यात वा तलावात शिरल्यास पाण्याचा मार्ग तुंबवते. म्हणून त्याची लागवड बंदिस्त जागेत करून नियमित कापणी करणे आवश्यक आहे.

बरड जमिनीसाठी मारवेलच्या सुधारित जाती व स्टायलो ही जोडी विचारात घेण्याजोगी आहे. मारवेल-८ व फुले मारवेल-१ यांसारख्या जाती ठोंबांपासून लावता येतात, थोड्या पाण्यात तग धरतात आणि चराईही सोसतात. स्टायलो हे द्विदल असून राहुरीची फुले क्रांती ही त्याची जात परिचित आहे. ते निकस, मुरमाड जमिनीत येते, हवेतील नत्र जमिनीत स्थिर करते व गवताच्या मानाने त्यात प्रथिने बरीच अधिक असतात. पावसाळ्यात गुरे स्टायलोकडे फारसे लक्ष देत नाहीत, पण गवत वाळल्यावर तेच आवडीने खातात. टंचाईच्या काळासाठी ही जणू निसर्गानेच केलेली साठवण होय. पहिल्या वर्षी मात्र बी झडेपर्यंत तेथे चराई होऊ देता कामा नये.

धुऱ्यावर दशरथ घास, शेवरी किंवा सुबाभूळ लावल्यास वेगळी जमीन न गुंतवता प्रथिनयुक्त पाला मिळतो. धानानंतर जेथे पाणी उपलब्ध आहे तेथे बरसीमचा छोटा वाफा डिसेंबर ते मार्च हिरवा चारा देतो. उभ्या धानात फेकून पेरण्याची लाखोळीची जुनी पद्धत याच तत्त्वावर आधारलेली होती. जमिनीतील उरलेल्या ओलीवर कडधान्य आणि गुरांना कुटार अशी दोन्ही प्राप्ती त्यातून होत असे.

६. जात निवडण्याचा निकष

गवतावर दुग्धव्यवसाय उभारणारा देश म्हणून न्यूझीलंडचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथील गाई रायग्रास व पांढऱ्या क्लोव्हरच्या कुरणात चरतात. हे समशीतोष्ण हवामानाचे गवत असल्यामुळे त्याच्या जाती आपल्याकडे आणून उपयोग नाही. परंतु जात निवडण्याची त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. तेथे २०१२ पासून रायग्रासच्या जातींची तुलना केवळ वार्षिक उत्पादनावर न करता प्रत्येक ऋतूतील उत्पादनाचे आर्थिक मूल्य काढून केली जाते. मुबलकतेच्या ऋतूत मिळालेल्या एका किलो गवतापेक्षा टंचाईच्या ऋतूत मिळालेले एक किलो गवत अधिक मोलाचे धरले जाते. आयर्लंडमध्येही अशाच स्वरूपाचा निर्देशांक वापरात आहे.

हा निकष गोरेगावास लावल्यास चित्र पालटते. हेक्टरी टनांच्या तक्त्यात मारवेल व स्टायलो नेपियरच्या कितीतरी खाली दिसतील. पण ज्या शेतकऱ्याकडे उन्हाळी ओलीत नाही, त्याच्या नेपियरचे बहुतेक उत्पादन पावसाळ्यातच येते, म्हणजे गवत सर्वत्र फुकट उपलब्ध असते तेव्हा. उलट फेब्रुवारीत खाल्ला जाणारा स्टायलो, मार्चपर्यंत हिरवे राहणारे पॅरा गवत किंवा वेळेवर कापून ठेवलेले मारवेल दुधाचे दिवस वाढवते. ज्याच्याकडे उन्हाळ्यात पाणी आहे व संकरित गाई आहेत त्याने अवश्य नेपियर लावावे. ज्याच्याकडे दोन गावठी गाई व बरड जमीन आहे त्यास नेपियरचे ठोंब देऊन त्याचा प्रश्न सुटणार नाही.

७. साठवण, श्रम आणि सामाईक जमीन

चांगल्या जातीचे गवतही योग्य वेळी कापले नाही तर वाया जाते. गवत फुलोऱ्यात असताना कापून वाळविल्यास त्यातील पोषण बऱ्याच अंशी टिकते. बहुतेक ठिकाणी मात्र ते बी झडल्यावर, पूर्ण वाळल्यावर कापले जाते. यामागे केवळ अज्ञान आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. गवत फुलोऱ्यावर येण्याची आणि हलका धान कापणीस येण्याची वेळ जवळपास एकच असते. घरातील स्त्री-पुरुष, विशेषतः स्त्रिया, त्या वेळी धानाच्या कापणीत गुंतलेल्या असतात. म्हणून गवत कापणीचा सल्ला देताना हलक्या व भारी धानाच्या कापणीमधले थोडे दिवस साधणे आणि सबंध माळाऐवजी निवडक तुकडा कापणे, असा व्यवहार्य विचार करावा लागेल.

तणस हा येथील सर्वांत मोठा चारासाठा आहे. त्यातील प्रथिने ३ ते ४ टक्केच असतात. १०० किलो तणसावर ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, ढीग घट्ट दाबून हवाबंद झाकावा व २१ दिवसांनी उघडावा. त्यामुळे प्रथिनांचे प्रमाण जवळपास दुप्पट होते व तंतू मऊ पडतात. उघडल्यावर वास उडू देऊन मगच ते थोड्या प्रमाणापासून द्यावे. सहा महिन्यांखालील वासरांना ते देऊ नये आणि युरियाचे पाणी गुरांच्या तोंडी लागणार नाही याची दक्षता घ्यावी, कारण ते प्राणघातक ठरते.

शेवटचा व कदाचित सर्वांत कठीण प्रश्न सामाईक जमिनीचा आहे. एकट्या शेतकऱ्याने माळावर स्टायलो पेरले तर ते पहिल्याच वर्षी गावाच्या कळपाखाली जाईल. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने १९९० च्या दशकात पाणलोटाच्या कामाबरोबर चराईबंदी स्वीकारून गवत कापून नेण्याची पद्धत रूढ केली. तेथील दैनिक दूध संकलन सुमारे १५० लिटरवरून ४००० लिटरच्या घरात गेल्याचे नमूद केले जाते. हिवरे बाजार अवर्षणग्रस्त भागातील गाव आहे आणि गोरेगाव जंगलालगतचा धानप्रदेश. तेथील संपूर्ण चराईबंदी जशीच्या तशी येथे आणता येणार नाही, कारण भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांची गाय चराईवरच जगते. परंतु माळाचे तीन-चार भाग करून दरवर्षी एक भाग बी झडेपर्यंत बंद ठेवणे शक्य आहे.

त्यासाठी कायद्याचा आधारही उपलब्ध आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील निस्तार पत्रकाची तरतूद चराईच्या व्यवस्थेची नोंद करते. वन हक्क कायदा, २००६ ने सामूहिक चराईचा हक्क मान्य केला आहे. हक्काबरोबर कुरण राखण्याची जबाबदारीही ग्रामसभेकडे येते आणि कोणते गवत कोठे वाढू द्यावयाचे याचा निर्णय तेथेच होऊ शकतो.

निष्कर्ष

१. गवताच्या जातीचा दुधावरील परिणाम घासाचा आकार, पचनीयता व प्रथिने यांच्याद्वारे होतो. जून झालेले उत्तम जातीचे गवत कोवळ्या सामान्य गवतापेक्षा निकृष्ट ठरू शकते.

२. गोरेगाव परिसरातील दूध पावसाळ्यातील गवतामुळे अडलेले नाही. ते फेब्रुवारी ते जून या काळातील चाऱ्याच्या गुणवत्तेमुळे अडलेले आहे. म्हणून जातीचे मोल टंचाईच्या महिन्यांतील उपयोगावरून ठरविणे योग्य होय.

३. बरडावर मारवेल व स्टायलो, पाणथळ जागी बंदिस्त पॅरा गवत, ओलिताच्या उंच जागी संकरित नेपियर आणि धुऱ्यावर द्विदल झुडपे, अशी जमिनीनुसार विभागणी हितकर ठरेल.

४. केवळ चराईवर संकरित गाईची दूधक्षमता पूर्ण होत नाही. गोठ्यातील चाऱ्याची निश्चिती झाल्याखेरीज अशी गाय घेणे अल्पभूधारकास धोक्याचे आहे. चराईवर टिकणाऱ्या कठाणीसारख्या गोवंशाचे स्थान या दृष्टीने पुन्हा तपासले पाहिजे.

५. चारा विकासाच्या योजनांनी ठोंबे व बियाणे वाटपाबरोबरच सामाईक कुरणाची पाळीपाळीने राखण, गवत कापणीची वेळ आणि तणस प्रक्रिया यांना समान महत्त्व द्यावे. ज्या घरात एक-दोन गाई आहेत, त्या घरातील मुलांच्या वाट्याचे दूध उन्हाळ्यात टिकणे किंवा न टिकणे याच गोष्टींवर अवलंबून आहे.